शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणि पलीकडे
नांदेड-लातूरमधील अस्थिरोग उपचारांविषयी खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, आणि
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत मोडलेल्या हाडावर शस्त्रक्रिया करणाऱ्यांची वाण नाही. नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाने विष्णुपुरीत चालते. लातूरला १९९० पासून खासगी आणि २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शासकीय संस्थेला आता विलासराव देशमुख यांचे नाव आहे. शेजारच्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासूनचे. खासगी अस्थिरोग रुग्णालयांच्या पाट्या दोन्ही शहरांत ओळीने दिसतात, आणि हिंगोली, परभणी, उमरखेड, बिदर, आदिलाबाद इथूनही माणसे इथेच येतात. तरी वाकडा जुळलेला हात, न वाकणारा गुडघा, वर्षभर वाहणारी जखम घेऊन जगणारी माणसे या जिल्ह्यांच्या गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे नुकसान शस्त्रक्रियेच्या टेबलावर झालेले नसते. ते आधीच्या काही तासांत झालेले असते किंवा नंतरच्या काही महिन्यांत. सरकारी पैसा आणि लक्ष नेमके या दोन टप्प्यांवर सर्वांत तोकडे पडते.

पहिला टप्पा रस्त्यावरचा. तुळजापूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ३६१ औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाव असा पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जातो. रस्ता रुंद झाला, वेग वाढला, आणि दुचाकीवरून पडणाऱ्याला बसणारा मार पूर्वीपेक्षा जबर झाला. मांडीचे हाड मोडले की बाहेर एक थेंब न दिसताही लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकते. मोडलेली टोके प्रत्येक खड्ड्यागणिक हलत राहिली तर रक्तस्राव चालू राहतो, वेदना वाढते आणि माणूस धक्क्याच्या अवस्थेत जातो. त्यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी तयार केलेली लोखंडी कडीची आधारपट्टी, म्हणजे थॉमस स्प्लिंट, पहिल्या महायुद्धात रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहाने आघाडीवर पोहोचली. मांडीच्या हाडाच्या उघड्या जखमांनी मरणाऱ्या सैनिकांचे प्रमाण पाचांत चारावरून पाचांत एकाच्या आसपास आले, असे त्या काळचे अहवाल सांगतात. नवे औषध आले नव्हते, शस्त्रक्रियेत क्रांती झाली नव्हती; पाय हलू न देता माणूस मागे आणला गेला, एवढाच फरक. ही पट्टी आजही एखाद्या मध्यम मोबाइलपेक्षा स्वस्त पडते. अहमदपूर, लोहा, हदगाव अशा रस्त्यालगतच्या रुग्णालयांत ती भिंतीला टांगलेली असणे आणि ती बांधता येणारा माणूस रात्रपाळीला असणे, या दोन गोष्टी एखाद्या नव्या इमारतीपेक्षा जास्त पाय वाचवतील.

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते, आणि तिने खूप काही बदलले हे मान्य करायलाच हवे. पण किनवट किंवा माहूरहून नांदेड शंभर किलोमीटरांहून दूर आहे. एवढ्या अंतरात रुग्णाला फक्त उचलून नेणे पुरत नाही. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर जखमेत काळी माती, शेण, गवत गेलेले असते. अशा जखमेला प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन शक्यतो तासाभरात मिळावे, स्वच्छ पाण्याने माती धुवावी, धनुर्वाताची लस द्यावी आणि निर्जंतुक पट्टीने झाकून कच्चे प्लास्टर बांधावे, असा जगभरचा संकेत आहे. यातले काहीही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्याबाहेरचे नाही. प्रत्यक्षात ‘पुढे न्या’ असे लिहिलेली चिठ्ठीच सर्वांत आधी तयार होते, आणि इंजेक्शन जिल्ह्याला पोहोचल्यावर मिळते. तोवर जंतू हाडात शिरलेला असतो. हाडातला पू एकदा मुरला की वर्षानुवर्षे निघत नाही. एका शस्त्रक्रियेच्या जागी चार होतात आणि घरचे एक एकर विकले जाते.

मणक्याची दुखापत हा याच टप्प्याचा वेगळा आणि जास्त क्रूर भाग. चिंच झोडपण्याच्या दिवसांत, म्हणजे माघ-फाल्गुनात, उंच चिंचेवरून माणसे पडतात. लातूरच्या बाजारात चिंचेचा मोठा व्यापार चालतो, पण तो माल खाली उतरवणाऱ्याच्या कमरेला दोर असतोच असे नाही. विहिरीच्या काठावरून, घराच्या पत्र्यावरून, भरलेल्या ट्रॉलीवरून पडणारेही असतात. अशा माणसाला बखोटीला आणि पायाला धरून उचलले, किंवा झोळ पडलेल्या बाजेवर टाकून आणले, तर मोडलेला मणका मज्जारज्जूवर सरकू शकतो; पडल्यावर पाय हलवणारा माणूस दवाखान्यात पोहोचेपर्यंत कमरेखाली लुळा झालेला असतो. दाराची सपाट फळी, मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली धोतरे आणि चौघांनी एका तालात उचलणे, एवढे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या चार तरुणांना एका दुपारी शिकवता येते.

हे शिक्षण या भागाला किती गरजेचे आहे, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळून चुकले होते. गणेश विसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेल्या गावांवर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप आला. तीव्रता ६.२ ते ६.४. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशा घरांत माणसे झोपेतच गाडली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली आणि त्याहून कितीतरी जास्त जखमी झाली. लातूरमध्ये तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ढिगाऱ्यातून हातांनी ओढून काढलेली माणसे ट्रॅक्टर, जीप, ट्रक, जे मिळेल त्यातून लातूरला, उमरग्याला, सोलापूरला गेली. भूकंपातल्या जखमींचा प्रश्न नुसता मोडलेल्या हाडांचा नसतो. तासन्‌तास दगडाखाली दबलेल्या मांडीचे स्नायू मरतात आणि दगड काढताच त्यांतले विषारी घटक रक्तात जाऊन मूत्रपिंडे बंद पाडतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले तेव्हा, १९४१ मध्ये, ही अवस्था नीट वर्णिली गेली. तिच्यावरचा पहिला उपाय म्हणजे शिरेतून भरपूर सलाईन, शक्य तर माणूस ढिगाऱ्याखाली असतानाच. किल्लारीनंतर गावे नव्या जागी वसली, भूकंपमापक बसले, घरबांधणीचे नियम आले. हाडे सांभाळून माणूस कसा हलवायचा, याचे गावपातळीवरचे प्रशिक्षण मात्र नियमित झाले नाही. भूगर्भातल्या गूढ आवाजांनी लातूर-नांदेडची गावे अधूनमधून रात्री घराबाहेर येतात. तेवढ्यापुरती चर्चा होते आणि विरते.

रस्ता आणि रुग्णालय यांच्यामध्ये हाडवैद्य बसलेला आहे. सरकारी कागदांत तो नाही, गावात आहे. मुरगळा, लचक, उसण, खांदा निखळणे यांपासून थेट फ्रॅक्चरपर्यंत सगळे त्याच्याकडे आधी जाते. तो जवळ असतो, पैसे कमी घेतो, ‘कापायचं’ म्हणत नाही आणि पुष्कळदा त्याच्या हाताला खरेच गुण येतो, कारण साधी, न सरकलेली फ्रॅक्चर्स नुसत्या आधारानेही जुळतात. संकट येते ते लहान मुलाच्या कोपराला. पाच ते सात वर्षांचे मूल पडते, कोपराच्या वरचे हाड मोडते, सूज चढत असते, आणि त्यावर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या जातात. आत दाब वाढतो, रक्त पोहोचत नाही. मूल बोटे सरळ करू देत नाही, किंचाळते. ही पहिली खूण. मनगटाची नाडी गेल्यावर धावाधाव करायची तर उशीर झालेला असतो. साधारण सहा तासांत हाताचे स्नायू मरू लागतात आणि पंजा पक्ष्याच्या नखीसारखा कायमचा आखडतो. रिचर्ड फोल्कमन यांनी हे १८८१ मध्ये लिहून ठेवले आहे. आज ते टाळता न येणे याला दुर्दैव म्हणता येणार नाही. न्याय म्हणून हेही नोंदवले पाहिजे की घट्ट पक्के प्लास्टर घालून, बोटे न तपासता घरी पाठवणाऱ्या पदवीधराकडूनही हेच घडते.

हाडवैद्यांवर बंदी घालण्याची भाषा सोपी आहे आणि निरुपयोगी आहे. वर उल्लेखलेले ह्यू ओवेन थॉमस स्वतः हाडवैद्यांच्या घराण्यातले होते. वडील इव्हान थॉमस हाडे बसवत; वैद्यकीय पदवी नसल्याने त्यांच्यामागे खटले लागत, म्हणून त्यांनी मुलांना वैद्यकाच्या महाविद्यालयात घातले. आधुनिक अस्थिशास्त्राचा एक झरा अशा घरातून निघालेला असेल, तर मुखेड-कंधार-निलंग्याच्या हाडवैद्यांना दोन दिवस बोलावून चार गोष्टी शिकवायला कमीपणा वाटू नये. लहान मुलाचे कोपर बांधायचे नाही. जखम उघडी असेल तर हात लावायचा नाही. बांधले तर बोटे उघडी ठेवून तासातासाला पाहायची. वेदना वाढली की पट्टा सोडून त्याच दिवशी तालुक्याला पाठवायचे. पाठवणाऱ्याचा रुग्णालयात अपमान होऊ नये, ही पाचवी गोष्ट डॉक्टरांना शिकवावी लागेल.

अपघाताविना झिजणाऱ्या हाडांची कथा वेगळी आहे. ती कामाशी बांधलेली आहे. सोयाबीन आणि कापसात खुरपणी करणारी बाई दिवसभर उकिडवी बसते. पन्नाशीत तिचे गुडघे आतल्या बाजूने झिजून पाय धनुष्यासारखे वाकतात. मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला जाणारी जोडपी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढतात. उचल घेतलेली असते, म्हणून कंबर धरली तरी कोयता थांबत नाही. आडत बाजारातल्या हमालाच्या पाठीवरच्या पोत्याचे वजन जास्तीत जास्त किती असावे, याविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस ५५ किलोंची आहे. या सगळ्यांवर गावात मिळणारा उपचार म्हणजे एक इंजेक्शन आणि कागदाच्या पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. आराम झटपट पडतो, आणि वर्षभराने खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचू शकतो. पाठदुखीसोबत रात्री ताप आणि वजन घटणे असेल तर ती मणक्याच्या क्षयाची खूण असू शकते. वेदनाशामकांनी ती झाकली जाते आणि कळते तेव्हा पाय लटपटू लागलेले असतात. गुडघ्यासाठी सुरुवातीचे औषध मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन उतरवणे आणि दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी हेच आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने शेतकरी महिलांचे कष्ट हलके करणाऱ्या अवजारांवर काम केले आहे. उभ्याने चालवायचे कोळपे हे खरे तर अस्थिरोगाचे साधन मानून आरोग्य खात्याने त्याचा पुरस्कार करायला हरकत नाही.

किनवट-माहूरचा डोंगरपट्टा इथे स्वतंत्रपणे सांगावा लागतो. तिथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. या आजारात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. हाडे दुखतात, हाडांत जंतुसंसर्ग होतो, आणि विशी-पंचविशीतल्या मुलामुलींचे खुबे मरतात. अशा तरुणाला ‘वात’ म्हणून तेल चोळायला सांगितले जाते. साधी विद्राव्यता चाचणी काही रुपयांत होते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सुरू झाले. त्यात रक्ताची तपासणी आहे, पण खुबा दुखणाऱ्या सिकलसेल रुग्णाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचे, याची ठरलेली वाट जिल्ह्याने आखायची आहे. याच किनवट भागात भूजलातील फ्लोराइडही नोंदले गेले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरे पाणीच नसेल तर दीडपर्यंत, असे भारतीय मानक आहे. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी दातांवर डाग पडतात, मग स्नायुबंध चुन्यासारखे कडक होतात आणि पाठ काठीसारखी ताठ होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरने बोअर किती खोल जाऊ शकते ते पाहिले आहे. खोल पाणी खडकाशी जास्त काळ लागून असते, म्हणून प्रत्येक नव्या खोल बोअरची फ्लोराइड तपासणी हा हाडांचाही प्रश्न आहे. हनुवटी छातीला लागते का, गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरता येतात का, हात डोक्यामागे जातात का, या तीन हालचाली आशा सेविका घरी पाहू शकते. झालेला आजार शस्त्रक्रियेने बरा होत नाही, पाणी बदलणे हाच मुख्य उपाय आहे.

मुलांच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. जन्मतः आत वळलेली पावले (क्लबफूट) हजारात एखाद्या बाळाला असतात. आयोवा विद्यापीठाचे इग्नासिओ पोन्सेटी यांची पद्धत आता सर्वमान्य आहे: दर आठवड्याला एक अशी पाच-सहा प्लास्टर, टाचेच्या शिरेवर छोटासा छेद, मग पट्टीला जोडलेले बूट. हे बूट पहिले तीन महिने दिवसरात्र आणि पुढे मूल चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून, सुरू झाला आणि त्याच्या पथकांमुळे अशी बाळे लवकर सापडू लागली. गळती होते ती बुटांच्या टप्प्यावर. पाऊल सरळ दिसले की आजी बूट काढून ठेवते, बाळ रडते म्हणून. मूल चालू लागते आणि पाऊल पुन्हा वळते. दोष आजीचा नाही. मोठे बूट आणायला पुन्हा जिल्ह्याला जावे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते.

इथून पत्र दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांवर, आणि पैशाच्या मुद्द्यावर येते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली त्यांत नांदेड होते. लातूर नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि २०२४ पासून संरक्षण पाच लाखांपर्यंत, सर्व कुटुंबांना आहे. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये लगाम घातला. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपये अधिक कर इथवर उतरला. या दोन्ही गोष्टींचे श्रेय सरकारांना निःसंकोच द्यावे. मात्र योजनेची पॅकेजे मुख्यतः भरती होऊन केलेल्या उपचारांची आहेत. रॉड टाकला, प्लेट बसवली की बिल निघते. त्यानंतरच्या तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीसाठी देगलूरहून नांदेडला खेपा घालायचे भाडे कोणत्याच रकान्यात बसत नाही. मग टाके निघाल्यावर माणूस परत येत नाही. कोपर नव्वद अंशांवर अडकते, गुडघा वाकत नाही, आणि कागदावर ही शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून नोंदलेली राहते. व्यवस्थेची ही सर्वांत मोठी उणीव आहे; रुग्ण पुन्हा कामावर गेला का, हा रकाना कोणत्याही अहवालात नसल्यामुळे ती दिसतही नाही.

म्हाताऱ्या माणसांना तर वेळेचाच फटका बसतो. ओट्यावरून घसरून खुबा मोडलेल्या सत्तरीच्या आजीवर शक्यतो दोन दिवसांत शस्त्रक्रिया होऊन तिला उभे करायला हवे. अंथरुणाला खिळली की फुप्फुसात कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी. वर्षभरात दगावण्याचे प्रमाण एरवीही मोठे असते, उशिराने ते वाढते. ‘वय झालं, आता कशाला कापायचं’ हा घरच्यांचा प्रश्न प्रेमापोटी असतो. त्याला उत्तर देणारा माणूस तालुक्याच्या दवाखान्यात हवा.

लातूरमध्ये २००२ साली जुने जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले. स्वतंत्र जिल्हा रुग्णालयाची मागणी लातूरकर अनेक वर्षे करत आले आहेत. वैद्यकीय महाविद्यालय एका खात्याकडे आणि ग्रामीण रुग्णालये दुसऱ्या खात्याकडे, अशी वाटणी असल्यामुळे विष्णुपुरीत बसवलेला रॉड देगलूरमध्ये कोणी तपासायचा, हे ठरत नाही. म्हणून हे पत्र दोन्ही मंत्रिमहोदयांना एकत्र लिहिले आहे. महामार्गालगतच्या प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात थॉमस स्प्लिंट, कच्च्या प्लास्टरचे साहित्य आणि उघड्या फ्रॅक्चरसाठीचे इंजेक्शन चोवीस तास असावे. महाविद्यालयांच्या अस्थिरोग विभागांनी आठवड्यातून एक दिवस उदगीर, निलंगा, देगलूर, मुखेड, किनवट इथे तपासणी ठेवावी. क्लबफूटचे बूट तिथेच मिळावेत. उपजिल्हा पातळीवर फिजिओथेरपिस्टचे पद भरावे, आणि योजनेच्या पॅकेजमध्ये व्यायामाच्या किमान खेपा व त्यांचे एसटी भाडे धरावे. यांतले शेवटचे काम एका शासननिर्णयाने होण्यासारखे आहे. तो येत्या अर्थसंकल्पापूर्वी दोन्ही खात्यांच्या सहीने निघावा, ही विनंती.